विज्ञानाच्या तासाला ‘देवाची करणी’ हे उत्तर आलं तर काय करायचं: कोकणातल्या शिक्षकांसाठी

राजापूरच्या गंगेचा, म्हणजे कुंडांत मधूनच प्रकटणाऱ्या आणि काही महिन्यांनी जाणाऱ्या पाण्याचा, विषय निघाला की सातवी-आठवीच्या वर्गात एक तरी हात वर होतोच. “बाई, गंगा देवाच्या मर्जीने येते ना?” यावर बहुतेक वेळा दोनांपैकी एक उत्तर मिळतं. “असलं काही नसतं, बस खाली,” किंवा “काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडच्या असतात.” पहिलं उत्तर ऐकून मूल गप्प होतं आणि घरी जाऊन सांगतं की बाईंनी देवाला नावं ठेवली. दुसरं ऐकून ते खूश होतं, पण प्रश्न तिथेच संपतो. दोन्ही उत्तरं टाळा.

आधी शिक्षकाच्या स्वतःच्या डोक्यात एक गोष्ट पक्की हवी. विज्ञानाच्या तासाला दैवी हस्तक्षेपाला जागा नाही. मात्र देव नसल्याचं विज्ञानाने सिद्ध केलंय, हे त्याचं कारण नव्हे. तसं विज्ञानाने सिद्ध केलेलं नाही, आणि वर्गात तसं म्हणणारा शिक्षकही विषय सोडूनच बोलत असतो. कारण साधं आहे. विज्ञानात सांगितलेलं कारण चुकीचं असेल तर ते चुकीचं आहे हे कळायची सोय हवी. ‘देवाची मर्जी’ गंगा आली तरी लागू पडते, नाही आली तरी लागू पडते. मग तपासायचं काय आणि कशाने?

नववी-दहावीच्या मुलांना इथे न्यूटनचं उदाहरण द्या, पाच मिनिटं पुरतात. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षांत बिघाड साठत जाईल आणि कधीतरी ही घडी देवाला पुन्हा नीट बसवावी लागेल, असं न्यूटनने लिहून ठेवलं. गुरूचा वेग वाढतोय आणि शनीचा कमी होतोय, असं निरीक्षणांत दिसतही होतं. १७८० च्या दशकात फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने गणित मांडून दाखवलं की हा फरक साठत जात नाही, सुमारे ९०० वर्षांच्या फेऱ्यात तो उलटतो. न्यूटन लहान माणूस नव्हता आणि त्याची श्रद्धाही खोटी नव्हती. पण जिथे त्याने देवाला बोलावलं तिथे त्याचं गणित थांबलं, आणि लाप्लास थांबला नाही म्हणून पुढचं कळलं.

विषयांचा क्रम

नाजूक विषय आधी काढू नका. पहिल्याच दिवशी मांत्रिक किंवा उत्क्रांती घेतली की वर्गाचे दोन तट पडतात आणि पुढचे सगळे तास भांडणात जातात. कोणाच्याच भावनेला धक्का लागत नाही अशा भरती-ओहोटीपासून सुरुवात करा. मग गंगा, मग विंचू-सापाचा मंत्र, आणि उत्क्रांती शेवटी. तोवर ‘तपासणं’ म्हणजे काय हे मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

गावच्या देवाचा कौल वर्गात तपासायला घेऊ नका. मुलं सुचवतील, हट्टही धरतील. कौल म्हणजे गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत आहे. तिची परीक्षा घेतलीत तर गाव शाळेविरुद्ध उभं राहील आणि विज्ञान कोणीच शिकणार नाही. योगायोग शिकवायचा तर नाणं आहे, चिंचोके आहेत.

भरतीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत हा हिशेब ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास. धड्याला यापेक्षा चांगली सुरुवात नाही, कारण हे ज्ञान घरचं आहे आणि ते चक्क आधीच वेळ सांगतं. वेळ सांगितली की ती चुकूही शकते.

मोजायला पाच-सहा हात लांब बांबू घ्या, त्यावर ऑइलपेंटने दर १० सेंटिमीटरला खूण करा आणि खाडीतल्या धक्क्याच्या खांबाला बांधा. उघड्या किनाऱ्यावर लावू नका, लाटांमुळे पातळी धड वाचताच येत नाही. खाडीतही पाणी हलत असेल तर दोन इंची पीव्हीसी पाइप उभा बांधा. त्याचं खालचं तोंड टोपण लावून बंद करा, तळाशी ५ मिलिमीटरचं एकच भोक ठेवा आणि आत थर्माकोलच्या तुकड्यावर काडी उभी करा. बाहेर पाणी उसळलं तरी आतली काडी शांत राहते. अंदाजाच्या वेळेआधी तासभर ते नंतर तासभर, दर १५ मिनिटांनी वाचन घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पंधरवडा सोयीचा. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी मुलांना मोठ्या माणसाशिवाय धक्क्यावर पाठवू नका.

खरी गंमत वहीत उतरते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ १२ तास सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं, तासाचे चार पंचमांश. पाऊणपटीने येतात ४५. चतुर्थीला फरक फक्त १२ मिनिटांचा, तो कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा सांगते आणि चार पंचमांशाने बारा येतात, सरळ पाऊण तासाचा फरक. हा फरक मुलांना स्वतः काढू द्या, तुम्ही सांगू नका. शिवाय भरतीची वेळ साऱ्या किनाऱ्यावर एकच नसते आणि खाडीत आत जावं तसा उशीर होतो. तेव्हा तुमच्या धक्क्यावर पौर्णिमेला जी वेळ येईल ती पायाची धरा आणि तिथून ४८-४८ मिनिटं मोजा. आजोबांचा हिशेब खोटा ठरला असं कोणी म्हणालं तर थांबवा. तो डोक्यातल्या डोक्यात करायला सोपा म्हणून टिकला. मोजमापाने तो आणखी बारीक केला, इतकंच.

नारळी पौर्णिमा याच धड्यात येते, आणि इथे मुलांना दोन प्रश्न वेगळे करायला शिकवा. श्रावण सरत येतो तसा समुद्र का निवळतो? मोसमी वाऱ्याचा जोर उतरू लागतो म्हणून. हे वाऱ्याच्या वेगाच्या नोंदींवरून तपासता येतं. समुद्राला नारळ का वाहायचा? ज्याच्या जिवावर वर्ष काढायचं त्याच्यापुढे हात जोडायचे म्हणून. याचं मोजमाप बांबूवर होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. मुलं हा फरक पटकन पकडतात, मोठ्यांना वेळ लागतो.

गंगा: बाटलीतला सायफन

राजापूरजवळ उन्हाळे गावी चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी तिथे पाणी प्रकटतं, तीनेक महिने राहतं आणि जातं, असं परंपरा सांगते. अलीकडे हे वेळापत्रक बरंच विस्कटलं आहे. भूगर्भातल्या नैसर्गिक सायफनमुळे असं घडत असावं, असं एक स्पष्टीकरण पूर्वीपासून दिलं जातं. जमिनीखालची पोकळी झिरपणाऱ्या पाण्याने हळूहळू भरते. बाहेर जाणारी वाट आधी वर चढून मग खाली उतरत असेल, तर त्या वळणापर्यंत पातळी येताच पाणी वाहू लागतं आणि पोकळी रिकामी झाल्यावरच थांबतं. हे ३५ मिनिटांच्या तासात दाखवता येतं.

साहित्य: सरळ बाजूंची एक लिटरची एक बाटली, पाण्यासाठी दुसरी मोठी बाटली, मेडिकलमधून आणलेला नवा कोरा सलाईन सेट, एमसील, खराट्याचा हीर आणि मोजपात्र. सलाईन सेटच्या एकाच नळीतून दोन कामं होतात. चाकाच्या चिमट्यासकट वरचा भाग पाणी सोडायला ठेवा आणि उरलेल्या टोकाकडची ५० सेंटिमीटर नळी सायफनसाठी कापून घ्या.

लिटरच्या बाटलीचा तळ कापा आणि ती उलटी, बूच खाली करून, स्टँडवर बसवा. बुचाला दाभण तापवून भोक पाडा, नळीपेक्षा किंचित लहान, म्हणजे नळी घट्ट बसेल. नळी बुचातून आत घालून बुचापासून १२ सेंटिमीटर वर न्या, तिथे वळवून खाली आणा. आतलं तोंड बुचापासून ४ सेंटिमीटरवर राहील असं बघा. बाहेरचं टोक बुचाच्या खाली निदान १५ सेंटिमीटर लोंबू द्या. नळी तशीच वाकवली तर वळणावर चिमटते आणि पाणी अडतं. ती मिनिटभर कढत पाण्यात धरून बोटाएवढ्या जाड काठीभोवती वळवा आणि हिराला दोऱ्याने बांधा. एमसील लावलं की रात्रभर वाळू द्या. घाई केली तर बुचातून थेंब गळतात, आणि सगळा वर्ग तेच बघत बसतो.

तास सुरू होण्याआधी आतल्या तोंडापर्यंत पाणी भरून ठेवा, नाहीतर पहिली फेरी लांबते. मग वरच्या बाटलीतून मिनिटाला ६० मिलिलिटर पाणी सोडा. थेंब मोजू नका, मोजपात्र धरून एक मिनिट भरा. ४ ते १२ सेंटिमीटरमधल्या जागेत साधारण ४०० मिलिलिटर मावतं, म्हणजे सहा-सात मिनिटं काहीच घडत नाही. ही वाट बघणं वाया जात नाही, तेवढ्यात प्रत्येकाने ‘पाणी केव्हा येईल आणि केव्हा थांबेल’ हे वहीत लिहून ठेवायचं. पातळी वळणाला लागली की धार सुटते, दोनेक मिनिटांत पाणी खालच्या तोंडापर्यंत उतरतं, नळीत हवा शिरते आणि धार तुटते. मग पुन्हा शांत. दुसऱ्या फेरीला पाणी दुप्पट सोडा, मिनिटाला १२०. विश्रांती अर्ध्यावर यायला हवी. आधी लिहून घेतलं नसेल तर मात्र नंतर सगळेच म्हणतात, मला माहीत होतं.

इथे बिघाड ठरलेले. नळी जाड असेल, बागेच्या पाइपएवढी, तर ती भरत नाही. वळणावरून पाणी नुसतं ओघळत राहतं आणि सायफन सुरूच होत नाही. वरच्या बाटलीला हवेचं छिद्र नसेल तर पाणी मंद होत होत थांबतं. पाणी फार जोरात सोडलं तर धार तुटतच नाही, सायफन अखंड वाहत राहतो. हा शेवटचा बिघाड मुद्दाम करून दाखवा आणि विचारा, ‘मग गंगेच्या बाबतीत काय दिसायला हवं?’ मुलं स्वतः सांगतात की जास्त पावसाच्या वर्षांनंतर ती लवकर यायला हवी, दुष्काळानंतर उशिरा. आता गंगा आल्या-गेल्याच्या तारखा आणि तालुक्याचा पाऊस शेजारी शेजारी मांडायचा. तारखा स्थानिक मंडळींकडून आणि जुन्या वर्तमानपत्रांतून मिळतात.

फळ्यावर हेही लिहा: बाटलीने एवढंच दाखवलं की असं घडू शकतं. उन्हाळे गावच्या कातळाखाली सायफन आहे हे बाटलीने सिद्ध केलेलं नाही. पावसाशी मेळ बसला नाही तर सायफन सोडून दुसरं कारण शोधावं लागेल. ही कबुली गाळणारा शिक्षक ‘देवाची मर्जी’ काढून तिच्या जागी ‘सायफनची मर्जी’ बसवतो.

गरम झऱ्यांचंही असंच. उन्हवरे, तुरळ, आरवली, उन्हाळे इथल्या कुंडांबद्दल हुशार मुलगा म्हणेल, “खाली ज्वालामुखी आहे.” हे उत्तर विज्ञानाचं वाटतं, म्हणून शिक्षक मान डोलावतात. पण इथे जिवंत ज्वालामुखी नाही. आपल्या काळ्या कातळाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. देवाच्या नावाचं उत्तर तपासायचं आणि विज्ञानाच्या नावाचं तसंच गिळायचं, हे चालणार नाही. सहल नेलीत तर ताप बघायचा थर्मामीटर नेऊ नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, गरम कुंडात फुटतो. प्रयोगशाळेतला ११० अंशांचा न्या, चपला बाहेर काढा आणि कुंडात काही बुडवण्याआधी देवस्थानाच्या माणसाला विचारा. गंगा नुकतीच आलेली असताना, स्नानाच्या गर्दीत, वर्ग नेऊच नका.

विंचू, साप आणि मंत्र

या धड्यावर जीव अवलंबून आहे, त्यामुळे इथे गुळमुळीत बोलू नका.

मूल सांगेल, “आमच्या वाडीतला अमुक माणूस विंचू उतरवतो, सगळे बरे होतात.” ते खोटं बोलत नाही. विंचू चावलेले बरेच जण काहीही न करता बरे होतात. साप बरेचदा बिनविषारी असतो आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. मंत्र न घालताही त्यातले बहुतेक वाचलेच असते. हे पटवायला १०० चिंचोके घ्या आणि त्यातल्या १० वर मार्करने ठिपका काढा. खरवडून खूण करू नका, बोटाला कळते. हे दहा गंभीर रुग्ण. दहाचा आकडा समजण्यापुरता आहे, हे स्पष्ट सांगा. सगळे पिशवीत घालून न बघता ५० एका मुलाला द्या, तो मांत्रिक. उरलेले ५० नुसते ठेवा. मांत्रिकाकडचे साधारण ४५ ‘वाचतात’, आणि तो ४५ घरांत देवमाणूस ठरतो. शेजारच्या ढिगातलेही तेवढेच वाचलेत, पण ते कोणी मोजत नाही.

कधीकधी एकीकडे ३ ठिपके आणि दुसरीकडे ७ येतात, आणि कोणीतरी ओरडतं, “मंत्र लागू पडला!” या क्षणी घाई करू नका. पुन्हा करा, दहा वेळा करा, तक्ता मांडा. कधी मांत्रिक पुढे, कधी नुसता ढीग. एका वेळच्या निकालावरून बोलायचं नाही, हे इथे न सांगता कळतं.

मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचवाचा दंश झालेल्यांची हृदयं आणि फुप्फुसं नेमकी कशी बिघडतात, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांना रोखणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. मरणारी माणसं वाचू लागली. रायगडातल्या खेड्यांतलं हे काम जगभर वापरलं गेलं. मृत्यू दैवाच्या खात्यात टाकून ते मोकळे झाले असते तर हे घडलं नसतं.

मुलांना पाठ करायला लावा: हात-पाय हलवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष असतं. घरचे म्हणतील, दोन्ही करू. त्यावर मुलाने काय बोलायचं तेही शिकवा: “आधी गाडी काढा, आजी, देवाला गाऱ्हाणं गाडीत घालू.” २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. पूजा-अर्चा, वारी, यात्रा यांना तो कायदा हात लावत नाही. पालकसभेत ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगा, एकटं पहिलं सांगू नका.

उत्क्रांती आणि दशावतार

दहावीच्या भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सिंधुदुर्गात प्रश्न ठरलेला: “सर, मत्स्य, कूर्म, वराह ही उत्क्रांतीच ना?” हा प्रश्न मनापासूनचा असतो. ‘हो’ म्हणाल तर मूल उत्क्रांती म्हणजे एकामागून एक चढणारी शिडी समजेल. ती फांद्या फुटत गेलेली वंशावळ आहे. वराह कासवापासून आलेला नाही, दोघांचे पूर्वज मागे कुठेतरी एक आहेत. शिवाय मत्स्यावतारातला मासा मनूची नाव ओढतो, म्हणजे माणूस आधीच हजर आहे. दशावतार आपल्या जागी पूर्ण आहे. रात्रभर देवळासमोर जो रंगतो त्याला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

नंतर वर्ग खाजणात न्या, ओहोटीला. चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील, पुढच्या परांवर शरीर पेलत. मासा जमिनीवर कसा वावरू शकतो हे डोळ्यांनी दिसतं. लगेच सावध करा की निवटी आपली पूर्वज नाही, ती आजचाच मासा आहे. पूर्वजांच्या जवळपासचं काही हवं असेल तर टिक्टालिक हा जीवाश्म आहे. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडावा, असा हिशेब करून शास्त्रज्ञ उत्तर कॅनडातल्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं खोदत राहिले आणि २००४ मध्ये तो सापडला. कुठे आणि कोणत्या वयाच्या खडकात, हे आधी सांगितलं होतं. भरतीच्या बांबूपाशी जे केलं तेच इथे झालं.

“गुंतागुंतीचा डोळा कोणीतरी घडवल्याशिवाय कसा होईल?” असंही विचारतात. अमेरिकेत असा युक्तिवाद विज्ञान म्हणून शाळेत शिकवायचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात न्यायालयाने पुरावे ऐकून तो विज्ञान नसल्याचा निकाल दिला. आपल्याकडे संविधानाचं कलम ५१ क (ज) वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं, आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही असं कलम २८ सांगतं. मुख्याध्यापकांनी विचारलं तर हे हाताशी असू द्या. मुलांपुढे कायदा काढू नका, त्यांना निवटी पुरते.

उत्तरपत्रिका

एखाद्याने ‘सजीव देवाने निर्माण केले’ असं लिहिलं तर प्रश्नात जे विचारलं त्याचेच गुण द्या. त्या वाक्याला गुण नाहीत आणि त्याबद्दल कापायचेही नाहीत. लाल फुली मारू नका, वर्गात वाचून दाखवू नका. समासात एवढंच लिहा: ‘हे तपासायचं कसं?’ आणि हीच ओळ त्याच्याही समासात लिहा, ज्याने कुठलंही कारण न देता नुसतं ‘निसर्गाने घडवले’ असं लिहिलंय.